सेकंडहँड पॅनामेरा घ्यायचीय? व्हेरिएंट असा निवडा

चार माणसं ऐसपैस बसली पाहिजेत, त्यांचं सामान मावलं पाहिजे आणि तरीही स्टिअरिंग हातात घेतलं की स्पोर्ट्स कार वाटली पाहिजे. अशी मागणी घेऊन वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती चाळणारा माणूस उशिरा का होईना, पोर्शे पॅनामेरापाशी येऊन थांबतोच. नवी असताना आवाक्याबाहेर असलेली ही गाडी सहा-आठ वर्षांत एकदम जवळ आल्यासारखी दिसते. तीच जाहिरात पुन्हा पुन्हा उघडून बघितली जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वय वाढलं की गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पाव किमतीत घेतलेल्या गाडीलाही ब्रेक डिस्क लागते ती नव्या गाडीच्याच भावाची. त्यामुळे ‘माझ्या पैशात सगळ्यात ताकदवान कोणती मिळेल’ हा प्रश्न बाजूला ठेवा. जिचं सगळ्यात महागडं दुखणं तुमच्या खिशाला झेपेल, ती गाडी शोधायची आहे. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

पायरी १: पिढी ठरवा

पहिली पॅनामेरा एप्रिल २००९ मध्ये शांघायमध्ये जगासमोर आली. तिचा अंतर्गत क्रमांक ९७०. २०१३ मध्ये तिचं फेसलिफ्ट, म्हणजे पिढी न बदलता केलेली सुधारणा, झालं. दुसरी पिढी, म्हणजे ९७१, जून २०१६ मध्ये बर्लिनमध्ये दाखवली गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसरी पिढी आली, पण ती अजून नवीच म्हणायची. आपण बोलतोय ते पहिल्या दोन पिढ्यांबद्दल.

दोघींमधला फरक मागून लगेच कळतो. ९७० ची पाठ फुगीर, तिच्यावर टीकाही भरपूर झाली. ९७१ ची मागची रेषा पोर्शेच्याच ९११ या स्पोर्ट्स कारसारखी उतरती आहे आणि दिव्यांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मला स्वतःला ती जुनी पाठ आवडते, पण विकायला काढाल तेव्हा माझी आवड कामाला येणार नाही.

आतला फरक जास्त मोठा आहे. ९७० मध्ये मधल्या कन्सोलवर बटणांची रांगच रांग आहे. दिसायला ते विमानाचं कॉकपिट, पण चार दिवसांत बोटं न बघता योग्य बटणावर जातात. ९७१ मध्ये त्या जागी चकचकीत काळं टच पॅनल आणि १२.३ इंची स्क्रीन आली. दिसायला सुंदर, मात्र बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे लगेच उठून दिसतात. ९७० च्या मूळ यंत्रणेत ॲपल कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनवर वापरायची सोय, नाही. ९७१ मध्ये ते मिळतं. अँड्रॉइड फोन वापरत असाल तर विक्रेत्याच्या ‘होतं, होतं’वर विसंबू नका, स्वतःचा फोन जोडून बघा. त्यासाठीची सोय या गाडीत बऱ्याच उशिरा आली.

पायरी २: मागच्या अक्षरांवरून इंजिन गृहीत धरू नका

नवखा माणूस हमखास फसतो ती ही जागा. डिकीवर ‘४एस’ लिहिलंय म्हणजे काय, याचं उत्तर वर्षावर अवलंबून आहे.

२००९ ते २०१३ च्या एस आणि ४एस मध्ये ४.८ लिटरचं, टर्बो नसलेलं, ४०० अश्वशक्तीचं व्ही८ इंजिन होतं. फेसलिफ्टनंतर तीच अक्षरं कायम राहिली, पण आत ३.० लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६ आलं, ताकद ४२०. ९७१ मध्ये ४एस म्हणजे २.९ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६ आणि ४४० अश्वशक्ती. एकाच नावाची तीन वेगळी इंजिनं, त्यांचे आवाज वेगळे आणि दुखणीही वेगळी.

‘४’ हा आकडा असला की चारही चाकांना ताकद. तो नसला म्हणून मागच्याच चाकांना, असं मात्र नाही; टर्बो आणि जीटीएसच्या नावात ४ नसतो, पण त्या चारही चाकांवर चालतात. ‘टर्बो’ हे सर्वांत वरच्या थराचं नाव आहे. २०१३ नंतर एस मध्येही टर्बो आहेत, म्हणून ती ‘टर्बो’ होत नाही. आणि काही हौशी मालक टर्बोचा बिल्ला विकत आणून चिकटवतात, हेही लक्षात असू द्या.

गाडीचं खरं वय चेसिस नंबर सांगतो. १७ अक्षर-अंकांतलं दहावं स्थान म्हणजे मॉडेल वर्ष: ‘ए’ म्हणजे २०१०, ‘ई’ म्हणजे २०१४, ‘एच’ म्हणजे २०१७, ‘एम’ म्हणजे २०२१. मध्ये ‘आय’ हे अक्षर वगळलेलं असतं. अकराव्या स्थानी ‘एल’ दिसेल, तो लाइपझिगच्या कारखान्याचा. नोंदणीचं वर्ष आणि मॉडेल वर्ष यांत फरक असू शकतो, आणि फेसलिफ्टच्या उंबरठ्यावरच्या गाड्यांत तोच फरक महाग पडतो.

पायरी ३: वापर बघून इंजिन निवडा

इथे घाई नको. घरातल्या सगळ्यांना विचारा: रोज किती किलोमीटर, शहरात किती, महामार्गावर किती, मागे कोण बसणार, घरी चार्जिंगची सोय आहे का. मग एकेक इंजिन बघू.

साधी पॅनामेरा आणि पॅनामेरा ४ यांना लोक उगाच नाकं मुरडतात. ९७० मधलं ३.६ लिटरचं व्ही६ ३०० अश्वशक्तीचं, फेसलिफ्टनंतर ३१० चं; ९७१ मधलं टर्बो व्ही६ ३३० चं. शर्यत लावायची नसेल तर पुरेसं आहे, आणि व्ही८ पेक्षा नाकावरचं वजन कमी असल्याने गाडी वळणात हलकी वाटते. पहिल्यांदाच अशा वर्गातली गाडी घेणाऱ्याने हिच्याकडे तुच्छतेने बघू नये. फक्त एक: मूळ मालकाने इंजिनात काटकसर केली असेल तर सोयींतही केलेली असते, म्हणून यादी नीट तपासा.

९७० चं ४.८ लिटर व्ही८ हे अनेकांचं स्वप्न. आवाज, प्रतिसाद, सगळं मनासारखं. पण याच इंजिनाची तपासणी सर्वांत कडक करायला हवी. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं, चिकटवलेले कूलंटचे जोड उष्णतेने सुटून पाणी गळणं आणि सुरुवातीच्या वर्षांत कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (इंजिनाच्या झडपांची वेळ बदलणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल होणं, या तीन तक्रारी जाणकारांच्या तोंडी असतात. तिसरीसाठी कंपनीच्या रिकॉल मोहिमेत काम झालंय का, ते चेसिस नंबरवरून विचारता येतं. पहिल्या दोन डोळ्यांनी तपासाव्या लागतात. ते पायरी ६ मध्ये.

टर्बोमध्ये ४.८ चं दोन टर्बोंचं रूप आहे: सुरुवातीला ५०० अश्वशक्ती, फेसलिफ्टनंतर ५२०, टर्बो एस मध्ये ५५० आणि पुढे ५७०. ९७१ मध्ये ४.० लिटरचं नवं व्ही८ आलं, ५५० अश्वशक्तीचं. त्याचे दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत बसवलेले आहेत. गाडी भन्नाट पळते, यात वाद नाही. शून्यापासून १०० चा वेग ती स्पोर्ट क्रोनो या जादा घेता येणाऱ्या पॅकेजसह ३.६ सेकंदांत गाठते. पण हा वेग वापरायला रस्ता कुठे आणि किती मिळणार, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. टर्बोसोबत एअर सस्पेन्शन येतंच, टायर रुंद येतात, ब्रेक मोठे येतात. आणि प्रत्येक ‘येतंच’चं पुढे बिल होतं.

जीटीएस ही माझी आवडती, म्हणून माझं मत जरा सावधपणे घ्या. ९७० मध्ये तिला ४.८ चं टर्बोविरहित व्ही८ मिळालं, ४३० अश्वशक्तीचं, फेसलिफ्टनंतर ४४० चं. म्हणजे २०१३ नंतर एस मधून व्ही८ गेलं, तरी जीटीएसमध्ये ते टिकून राहिलं. इंजिनाचा आवाज आतपर्यंत पोचवायची खास सोय, बसका पवित्रा, चारही चाकांना ताकद. ९७१ मधली जीटीएस ४.० च्या टर्बो व्ही८ वर चालते: ४६०, आणि २०२० नंतर ४८० अश्वशक्ती. चालवायला मजा म्हणून गाडी घेत असाल तर टर्बोऐवजी हिचा विचार करा. मागे बसणाऱ्यांना मात्र तिची राईड जरा कडक वाटेल.

हायब्रिडचं गणित वेगळं. २०११ ची एस हायब्रिड चार्जिंगला लावता येत नाही; तिची बॅटरी जुन्या निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आणि १.७ किलोवॅट-तासांची. नवख्याने तिच्या वाटेला न गेलेलं बरं. २०१३ ची एस ई-हायब्रिड प्लगवाली, ९.४ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी, एकूण ४१६ अश्वशक्ती, ताकद मागच्याच चाकांना. ९७१ मध्ये बॅटरी १४.१ वर गेली, २०२० नंतर १७.९ वर, आणि ताकद चारही चाकांना आली. रोजचा प्रवास छोटा असेल आणि घरी चार्जिंग असेल तर ९७१ ची ई-हायब्रिड खरोखर शहाणपणाची निवड आहे. चार्जिंग नसेल तर मात्र मोटर आणि बॅटरीचं वजन फुकट वाहून न्यायचं. ९७१ ची ४एस भरते सुमारे १,८७० किलो, तर ४ ई-हायब्रिड २,१७० किलो. डिकीही ४९५ लिटरवरून ४०५ वर येते. बॅटरीची क्षमता किती उरली आहे, याचा लेखी अहवाल मागा. पूर्ण चार्जवर स्क्रीन किती किलोमीटर दाखवते, हा अहवाल नव्हे.

डिझेल सगळ्या देशांत विकली गेली नाही. जिथे मिळते तिथे लांबच्या प्रवासासाठी तिच्यासारखी नाही. ९७० मध्ये ३.० लिटर व्ही६, आधी २५० आणि पुढे ३०० अश्वशक्ती. ९७१ ची ४एस डिझेल तर ४.० लिटरचं व्ही८, ४२२ अश्वशक्ती आणि ८५० न्यूटन मीटर टॉर्क. २०१८ मध्ये पोर्शेने डिझेल कायमची सोडली, म्हणून ही गाडी फार थोडी वर्षं बनली. घेण्याआधी तुमच्या शहरात जुन्या डिझेल गाड्यांवर कोणते निर्बंध आहेत किंवा येऊ घातलेत ते बघा. शिवाय छोट्याच फेऱ्या होणार असतील तर धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर तुंबतो. अशा वापराला डिझेल नकोच.

गिअरबॉक्सचं थोडक्यात: ९७० च्या पेट्रोल गाड्यांत बहुतेक सात गिअरचा दुहेरी क्लचचा पीडीके, हायब्रिड आणि डिझेलमध्ये आठ गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक टिपट्रॉनिक. ९७१ मध्ये सरसकट आठ गिअरचा पीडीके. ९७० च्या साध्या पॅनामेरात आणि एस मध्ये काही देशांत सहा गिअरचा मॅन्युअलही दिला होता. क्वचित दिसतो; दिसला तर कौतुक करा, पण केवळ दुर्मीळ म्हणून घेऊ नका.

पायरी ४: लांबी आणि मागची जागा

एक्झिक्युटिव्ह ही लांब व्हीलबेसची गाडी, मागे १५ सेंटिमीटर जास्त जागा. ९७० मध्ये ती फेसलिफ्टसोबत आली. स्वतः चालवणार असाल तर तिची गरज नाही. शिवाय ती बहुधा ड्रायव्हरच्या हातात आणि मालक मागच्या सीटवर अशी वापरलेली असते, त्यामुळे मागच्या सीटचं चामडं आणि मागची बटणं पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेली दिसली तर दचकू नका.

स्पोर्ट टुरिस्मो २०१७ पासून, फक्त ९७१ मध्ये. छत मागपर्यंत सपाट जातं, डोक्यावर जागा जास्त. मागे तिसऱ्या माणसासाठी मधली सीट आहे, पण तिथे लहान मूलच बसावं. ९७० मध्ये मागे दोनच स्वतंत्र सीट आणि मध्ये कन्सोल; घरात पाच माणसं असतील तर हा निर्णय इथेच झाला.

आणि हो, पार्किंग मोजा. ९७१ पाच मीटरपेक्षा लांब आणि आरसे सोडून १.९ मीटरपेक्षा रुंद आहे.

पायरी ५: मूळ यादीतल्या वस्तू

पोर्शेची गाडी जितकी व्हेरिएंटने बदलते तितकीच ऑप्शन्सनी. दोन ४एस शेजारी लावल्या तर एक नुसती पळणारी आणि दुसरी गालिच्यासारखी, असं होऊ शकतं. चेसिस नंबरवरून अधिकृत विक्रेता मूळ ऑप्शन्सची यादी काढून देऊ शकतो. ती मागाच.

माझ्या मते शोधावं असं: एअर सस्पेन्शन (चांगल्या स्थितीत असेल तरच), चांगल्या सीट, ९७१ मध्ये मागची चाकं वळवणारी यंत्रणा. शेवटची गोष्ट अरुंद जागी एवढी कामाला येते की पाच मीटरची गाडी चालवतोय हे विसरायला होतं. स्पोर्ट क्रोनो असली तर पुनर्विक्रीला बरी. बर्मेस्टरची ध्वनियंत्रणा कानसेनांसाठी, इतरांना बोस पुरे.

सिरॅमिक ब्रेकबद्दल विचार पक्का करा. पिवळे कॅलिपर (डिस्कला पकडणारे भाग) ही त्यांची खूण, पण कॅलिपर रंगवताही येतात, म्हणून डिस्क बघा. वजनाला हलक्या, धूळ कमी, आयुष्य मोठं, हे सगळं खरं. पण खडा लागून कड तुटली किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर तापवून झिजवल्या, तर चार डिस्कचा खर्च ऐकून गाडी विकावीशी वाटेल. यांची झीज नुसती जाडी मोजून कळत नाही. वजनाची किमान मर्यादा डिस्कवरच कोरलेली असते. जास्त करून शहरात वापरणार असाल तर साधे लोखंडी ब्रेक असलेली गाडी बिनधास्त घ्या.

पायरी ६: कागद आधी, मग गाडी उचलून बघा

सर्व्हिसचा इतिहास सलग हवा. शिक्के पुरेसे नाहीत, बिलं हवीत. बिलांत तीन गोष्टी शोधा: गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, स्पार्क प्लग कधी, ब्रेकचं तेल कधी. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज सोडा. वर्षभर झाकून ठेवलेल्या पॅनामेरापेक्षा नेमाने महामार्गावर धावलेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मी आधी बघेन.

मग स्वतंत्र तपासणी, आणि ती पोर्शेवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिककडूनच. कंपनीच्या पीविस यंत्रावर सगळे कंट्रोल युनिट वाचून घ्या. साध्या स्वस्त स्कॅनरला निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत. ४.८ व्ही८ असेल तर प्लग काढून एंडोस्कोपने (आत सोडायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंती बघायला सांगा. विक्रेता या तपासणीला नाही म्हणाला तर त्याचे आभार मानून घरी या. त्याने तुमचे पैसे वाचवलेत.

गाडी लिफ्टवर चढली की खालचे आवरण काढून तेल आणि कूलंटची गळती शोधा. पुढच्या रेडिएटरच्या तोंडाशी पानं आणि कचरा साचलेला असतो, तोही बघा. टायरच्या बाजूला ‘एन०’, ‘एन१’ अशी खूण हवी, म्हणजे पोर्शेने मान्य केलेला टायर. चारही एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही. स्वस्त टायर दिसले तर मालकाने बाकी कुठे काटकसर केली असेल, याचा अंदाज बांधा.

एअर सस्पेन्शनची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बघायला जा आणि चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते पाहा. एक कोपरा बसलेला असेल तर हवेची पिशवी किंवा जोड गळतोय, आणि ती गळती भरून काढताना कॉम्प्रेसरही थकत आलेला असेल.

पायरी ७: चालवून बघताना

इंजिन थंड असलं पाहिजे. तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिनावर पहिली काही मिनिटं रेडिओ बंद ठेवून ऐका. लयीत येणारी टकटक व्ही८ मध्ये चांगलं लक्षण नाही. रांगत्या वेगात पीडीके पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देतो का, रिव्हर्स टाकल्यावर उशीर लावतो का, ते बघा. खड्ड्यावरून एकदा हळू न्या, एका चाकाचा खडखडाट लगेच कळतो. मागचा स्पॉयलर बटणाने वर-खाली करा, डिकीचं दार दोनदा उघडा-मिटा, चारही खिडक्या, सनरूफ, सीटची सगळी बटणं. कंटाळवाणं आहे, पण यातली एकेक मोटर पुढे खर्च काढते.

स्क्रीनवर एकदम पाच-सहा इशारे आले तर घाबरून पळू नका. अशक्त १२ व्होल्टची बॅटरी या गाड्यांत खोट्या तक्रारींचा पाऊस पाडते. मात्र ‘फक्त बॅटरी आहे’ असं विक्रेता म्हणत असेल तर त्यानेच ती बदलून, गाडीत नोंदवून द्यावी आणि मग तुम्ही पुन्हा बघायला यावं.

पायरी ८: मी कोणती सुचवेन

पहिलीच पॅनामेरा असेल तर ९७१ ची ४एस, लोखंडी ब्रेक, एअर सस्पेन्शन, मागची वळणारी चाकं. घरी चार्जर आणि रोजचं अंतर कमी असेल तर त्याच पिढीची ४ ई-हायब्रिड. बजेट ९७० पर्यंतच जात असेल तर फेसलिफ्टनंतरची व्ही६. आवाजासाठीच गाडी घेत असाल तर ९७० ची जीटीएस, पण एंडोस्कोपचा अहवाल हातात आल्यावरच. सगळ्यात स्वस्त मिळणारी जुनी टर्बो ही या यादीत मुद्दाम नाही. जुन्या टर्बोचा भाव बघून जे ती घेतात, त्यांतले बरेच जण वर्षभरात तीच जाहिरात पुन्हा टाकताना दिसतात.

खरेदीच्या रकमेतला काही भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी अलग ठेवा. तो उरणार नसेल तर एक पायरी खालचा व्हेरिएंट घ्या. कंपनीची वाढीव वॉरंटी त्या वयाच्या गाडीला अजून मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर तपासणीत निघालेलं काम तुमच्या खर्चाने करावं लागतं. गाडी ताब्यात आली की इंजिनाचं आणि ब्रेकचं तेल, शिवाय सगळे फिल्टर एकदाच बदलून घ्या. बिल फाईलला लावा आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा.